पहिल्या आलेल्याचं इंजिन

नेविओ ब्रेसानेल्ली ट्रॅक्टर दुरुस्त करून पोट भरायचा, पण इटलीतल्या ब्रेशाच्या आसपास लहान मुलांच्या कार्टच्या, म्हणजे बुटक्या उघड्या मोटारींच्या, शर्यती भरत तिथे त्याच्या शब्दाला मान होता. पैसेवाले बाप पोरांसाठी चार-चार हजार युरोंची इंजिनं आणत आणि बाकीची पोरं मागे धूर खात. तीन वर्षं क्लबच्या बैठकांत घसा कोरडा करून नेविओने एक नियम मंजूर करून घेतला: जो पहिला येईल त्याचं इंजिन स्पर्धेतल्या कुणालाही दीड हजारात विकत मागता येईल. नाही म्हटलं तर वर्षभर बंदी. मग महागडं इंजिन आणेलच कोण? भाबडाच होता बिचारा.

त्या वसंतात त्याची अकरा वर्षांची मुलगी मिर्ता पहिली आली. इंजिन भंगारातलं. दोन हिवाळे नेविओने ते कानशीने घासून घासून घडवलं होतं. तसं दुसरं करणं आता शक्य नव्हतं, हाताला कंप सुटला होता.

मिर्ताने हेल्मेट काढलं नाही तोच नळांच्या कारखान्याचा मालक सावोल्दी पाकीट घेऊन हजर.

"दीड हजार. मोजून घे."

"साहेब, तुमच्याकडे सहा इंजिनं आहेत की!"

"मग हे सातवं. तूच बोंबलत होतास ना, सगळ्यांना सारखी संधी द्या म्हणून?"

आजूबाजूचे हसले. ज्यांच्यासाठी तो भांडला होता तेही हसले, याची चीड अजून जात नाही. बापाच्या हातात पाना ठरेना, म्हणून मिर्तानेच इंजिन उतरवून दिलं.

पुढच्या शर्यतीत ती उसन्या इंजिनावर धावली. तिचं इंजिन सावोल्दीच्या पोराच्या कार्टला होतं, आणि पोरगा सगळ्यांच्या पुढे. नेविओ तेच पाकीट घेऊन रेषेपाशी उभा होता. पोरगा जिंकला की इंजिन परत!

शेवटच्या वळणावर सावोल्दीने हात वर केला. पोराने ब्रेक दाबला, त्यांच्याच संघातलं दुसरं कार्ट पुढे निघून गेलं, आणि पोरगा दुसरा आला. दुसऱ्याचं इंजिन मागता येत नाही.

"नियम दोनदा वाचला रे, नेविओ," सावोल्दी जाता जाता म्हणाला. "छान लिहिलायस."

मिर्ता सोळावी आली. मागे असल्याने तिला काहीच दिसलं नव्हतं.

"बाबा, मिळालं आपलं इंजिन?"

"तो दुसरा आला."

"मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळीही तो दुसराच येईल, बाळा."

"आणि मी?"

नेविओ तिच्या हातातलं हेल्मेट घ्यायला वाकला. तिने ते दिलं नाही.