गिरणीतल्या गप्पा

पिठाची गिरणी सुरू झाली की आम्हा बायकांची तोंडं बंद होतात. ओरडलं तरी ऐकू जात नाही. काल मात्र तिथं दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या, शेजारच्या सुमनच्या आणि तिच्या पाच वर्षांच्या चिमीच्या. चिमीला जन्मापासून ऐकू येत नाही. दोघी हातांनी बोलत होत्या.

तीन वर्षांची होईपर्यंत चिमीला काही मागता यायचं नाही, नुसती रडायची. तेव्हा मीच सुमनला म्हणाले होते, "हातवारे शिकवू नकोस, पोर कायमची मुकी राहील." सुमननं माझं ऐकलं नाही, बरं केलं. ती खुणांची भाषा शिकली, नवऱ्याला शिकवली, सासूलाही सोडलं नाही. आता घरात सगळे चिमीशी दिवसभर बोलतात. ऐकणाऱ्या पोरांना भाषा अशीच तर येते. आपल्या ते ध्यानात येत नाही एवढंच.

गिरणी थांबल्यावर मी विचारलं, "एवढं काय चाललं होतं गं?"

"अहो काकू, डब्यातला गूळ कुणी खाल्ला विचारलं, तर म्हणते आजीनं. आजीला दात कुठायत म्हटलं, तर म्हणते चोखून खाल्ला!"

चिमीच्या गालाला गूळ चिकटलेला होता. एवढं रचून खोटं बोलायला भाषा चांगलीच यावी लागते.

"लबाड कसं म्हणायचं, दाखव मला," मी सुमनला म्हटलं.

तिनं दाखवलं. माझं चुकलं, तशी चिमीनंच माझी बोटं धरून नीट वळवली.