राजगिऱ्याचा लाडू चालतो का?

"थांबा! त्या बाईंच्या पोटात लाडू आहे!"

ऑपरेशन थिएटरच्या दारात मी हे ओरडले. स्ट्रेचर ढकलणारे मामा थांबले. सिस्टर फिस्सकन हसल्या. स्ट्रेचरवर हिरव्या गाऊनमध्ये झोपलेल्या चंद्रकलाबाईंनी मान वळवली आणि ओळखीचं हसून म्हणाल्या, "आगं, तूच न्हवं का बसमधली?"

मीच होते. लाडू मीच दिला होता, सकाळी साडेसातला. आता अकरा वाजत होते.

आधी माझं काम सांगते. परभणीत आमची एक छोटी संस्था आहे. खेड्यातून आलेल्या पेशंटला शहरातल्या दवाखान्यात धड कुणी काही सांगत नाही. 'अडाणी आहेत' म्हटलं की दवाखान्याची जबाबदारी संपली! त्याविरुद्ध आम्ही भांडतो. मी संस्थेची पत्रकं लिहिते आणि एका धर्मादाय दवाखान्यात मदतीच्या टेबलावर बसते. टेबलामागं पाटी आहे: 'विचारा, लाजू नका.' पाटीही मीच रंगवली. विचारायचं ते लोकांनी. आपणही कुणाला काही विचारावं, हे त्या पाटीवर नव्हतं.

त्या सोमवारी मी गंगाखेडहून बसनं परभणीला येत होते. बस राणीसावरगावकडून भरूनच आलेली. मला कशीबशी जागा मिळाली होती, पण शेजारी एक पन्नाशीची बाई दांडीला धरून उभी होती. चेहरा ओढलेला, एक हात बरगडीखाली दाबलेला. समोर दोन धडधाकट गडी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. कुणी उठेना. मग मी उठले, आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बसा मावशी, इथं पुरुषांचे पाय दुखतात."

बाई बसल्या. "कुठं चाललाव?" मी विचारलं.

"परभणीला जायलेय. काम हाय."

मी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. फिरतीच्या कामात लाडू बरे, विटत नाहीत.

"नगं माय. उपास हाय."

सोमवार होता. सोमवारी बाई उपास म्हणाली तर 'कशाचा' असं कोण विचारतं? शिवाय बायकांच्या उपासांविरुद्ध पत्रक लिहिलेली मी. माझं भाषण सुरू झालं. बाईनंच का उपाशी राहायचं? घरातल्या गड्यांचे किती उपास असतात? रक्त कमी कुणाला होतं? मागच्या सीटवरचे काका म्हणाले, "ताई, निवडणुकीला उभ्या राहायलाव का?" बस हसली. मला चेव चढला.

"निदान हा तरी खा. राजगिरा आहे, उपासाचाच."

बाईंनी लाडवाकडं पाहिलं, मग माझ्या पिशवीवरच्या संस्थेच्या नावाकडं. "चालतंय का?"

"चालतंय, मावशी."

त्यांनी खाल्ला. पलीकडच्या आजीनं लगेच एक केळं पुढं केलं, "घे गं, उपासाला बरं." तेही खाल्लं. मला फार बरं वाटलं. अनोळखी बायका एकमेकींना जपतात, असा एक परिच्छेद मी मनातल्या मनात लिहूनही टाकला.

दवाखान्यात साडेदहापर्यंत टेबलावर गर्दी होती. मग एक कागद द्यायला वर गेले, तर कॉरिडॉरमधून स्ट्रेचर आलं. तीच बाई. मग डोक्यात लखकन वीज चमकली. हा उपास महादेवाचा नव्हताच.

खोटं कशाला सांगू, मी लगेच ओरडले नाही. एवढासा तर लाडू, असं मनात आलं. बाहेरगावचे सर्जन फक्त सोमवारी येत. आमच्या संस्थेच्या जाधव सरांनी बजावलं होतं, "तुझ्यामुळं थिएटरची यादी विस्कटली, तर दवाखाना आपलं टेबल उचलून बाहेर ठेवील." स्ट्रेचर माझ्यासमोरून पुढं गेलं. दार उघडलं. तेव्हा ओरडले.

सिस्टरनी फाइल दाखवली. "मी स्वतः विचारलंय. 'उपाशी आहात ना?' 'हो.' इथं टिक आहे बघ."

"आवो, हायेच की उपाशी," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "भाकर न्हाई, भात न्हाई. एक लाडू, एक केळं आन इथं आल्यावर घोटभर चहा. उपासाला चालतंय तेवढंच."

आतून भूलतज्ज्ञ मॅडम बाहेर आल्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. मामांना म्हणाल्या, "स्ट्रेचर मागं घ्या."

मग माझ्याकडं वळल्या. "पूर्ण भूल दिली की माणसाचा घसा झोपतो. एरवी पोटातलं वर आलं तर आपण ठसकतो, खोकतो. भुलेत तो पहारेकरी नसतो. पोटातलं सरळ फुप्फुसात जातं. ऑपरेशनच्या टेबलावरच माणूस जाऊ शकतो. लाडवानं."

चंद्रकलाबाई उठून बसल्या. "मंग माझं आपरेशन न्हाई का? पित्ताच्या खड्यांनी लय बेजार झालेय, बाई. दोनदा गडबडा लोळले. परत गेले तर गावात म्हणतील, भिऊन पळून आली."

मॅडम त्यांना उत्तर न देताच बाकाकडं गेल्या. तिथं आणखी तीन बायका गाऊन घालून नंबरची वाट बघत होत्या. मॅडमनी 'उपाशी आहात का' असं विचारलं नाही. विचारलं, "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

पहिली म्हणाली, "काईच न्हाई."

दुसरी म्हणाली, "मूठभर शेंगदाणे."

तिसरी लाजली. "सुनेनं साबुदाण्याची खिचडी करून घातली. म्हणली, आत्याबाई, आपरेशनचा उपास कडक असतोय, पोटाला आधार पायजे."

शेंगदाणेवालीनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "ह्याच्यातच लिवलंय की." गुलाबी कागद. आमचं पत्रक. ओळ मोठ्या टायपात: 'ऑपरेशनच्या दिवशी कडक उपास ठेवून या.'

जाधव सर खालून धावत आले होते. त्यांनी ती ओळ वाचली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"दवाखान्यानं काय लिहून दिलं होतं?"

दवाखान्यानं 'एनबीएम' लिहून दिलं होतं. म्हणजे तोंडावाटे काहीही नाही, थेंबही नाही. मीच भांडले होते, की ही भाषा लोकांची नाही. मीच त्याचं 'उपास' केलं होतं, सगळ्यांना कळावं म्हणून. आणि सगळ्यांना कळलंच! उपास म्हणजे काय ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. उपास म्हणजे खिचडी, भगर, शेंगदाणे, केळी. अडाणी कोण होतं, ते त्या बाकाकडं बघून कळत होतं, आणि ते गाऊन घातलेल्यांपैकी कुणी नव्हतं.

सर मला काही बोलणार होते. मॅडमनी हात वर केला. "झापायचं ते नंतर. आधी यादी." मग त्या सर्जनशी आत जाऊन बोलल्या. आवाज चढल्याचं बाहेरही ऐकू येत होतं. बाहेर आल्या तेव्हा ठरलं होतं: पहिलीचं आता करायचं, बाकी तिघींचं मंगळवारी सकाळी. सर्जन मुक्काम करणार, पण खूष होऊन नव्हे.

संध्याकाळी मी तिघींच्या खाटांपाशी जाऊन माफी मागितली. खिचडीवाल्या आत्याबाई म्हणाल्या, "सुनेला नका सांगू, लय जीव लावून केली होती." चंद्रकलाबाईंना मी विचारलं, "तुम्ही सांगा मावशी, काय लिहायला पाहिजे होतं?"

त्यांनी जरा विचार केला. "लिव्ह, हा उपास न्हाई. च्या न्हाई, केळं न्हाई, साबुदाणा न्हाई. कुणी कितीबी मायेनं दिलं तरी घिऊ नका." आणि मग माझ्याकडं बघत, "मायेनं देणारी ऐकत न्हाई गं, म्हणून."

मंगळवारी तिन्ही ऑपरेशनं झाली. तिघी धड घरी गेल्या. गुलाबी पत्रकांचे गठ्ठे मी दवाखान्याच्या मागं स्वतः जाळले. नव्या पत्रकात चंद्रकलाबाईंची वाक्यं जशीच्या तशी आहेत, फक्त 'डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून' एवढं जोडलंय. आमचं टेबल राहिलं. पाटीवर एक ओळ वाढली: 'आम्हीही विचारू.'

बसमध्ये मी अजून उठून जागा देते. घरी दारावर कुणी आलं तर पाणी विचारते. पिशवीत लाडू असतात. दया सोपी आहे, चौकशीला वेळ लागतो. मी सोपं तेवढं करून मोकळी होत होते.

परवा जिंतूरच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली. थकलेली दिसली. मी लाडू काढला आणि हातातच धरून विचारलं, "मावशी, उपास आहे का? देवाचा, का डॉक्टरचा? दवाखान्यात चाललाव का? शुगर आहे का?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "न्हाई गं माय," त्या म्हणाल्या. "मला नुसती भूक लागलीय. द्यायचाय का न्हाई?"