सोळा नंबरचा रिपोर्ट

एक मूर्खपणा मी केला आणि तो पूर्ण लष्करी शिस्तीत केला. तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त होऊन मी सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना पाणी घालत होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नवी मुंबईतल्या एका तात्पुरत्या केंद्राला जुन्या सिस्टर हव्या होत्या. सोमवारी फोन आला, मंगळवारी सकाळी सातला मी हजर. चाळीस बेडचा वॉर्ड, शिफ्टला चार सिस्टर, एक मावशी. किती दिवसांनी कोणीतरी माझा हुकूम ऐकणार होतं. छाती अशी फुगली की गाऊनच्या नाड्या पुरेनात.

नसेत बसवलेली सुई तुंबू नये म्हणून रोज सकाळी नऊला तीत थोडं सलाईन सोडतात. त्यासाठी प्रत्येक पेशंटला वेगळी छोटी कुपी. पहिल्याच दिवशी कुप्या संपल्या. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम. फील्ड हॉस्पिटलमध्ये आम्ही अर्ध्या लिटरची एकच बाटली ठेवायचो. रबरी बुचात एक सुई खोचलेली, सगळ्यांनी तिथूनच सिरिंज भरायची. तशीच बाटली मी ट्रॉलीवर ठेवली. वर मार्करने तारीख, वेळ, माझी सही. संपली की नवी बाटली, सुई मात्र जुनीच. दोन दिवसांनी कुप्यांचे खोके आले. बाटली मी चालूच ठेवली. पोरी कौतुक करत होत्या, आणि माझ्यातल्या बाईसाहेबांना ते गोड लागत होतं.

पाचव्या दिवशी दोन पेशंटना हुडहुडी भरून ताप आला. सहाव्या दिवशी तिघांना. पलंग हलेल अशी थंडी भरली की आधी रक्तात जंतू गेल्याचा संशय घ्यायचा. म्हणजे वॉर्डात कोणीतरी घाण करत होतं. ते कोण, हे मला दहा मिनिटांत कळलं.

वॉर्डातल्या मावशी, हिराबाई, करावे गावच्या. फरशी, पलंग, ट्रॉल्या ब्लीचने पुसायच्या. दर तासाला पडद्यामागे जायच्या आणि गाऊनच्या आत काहीतरी लपवायच्या. मी वहीत नोंदी सुरू केल्या. १०.०५, पडद्यामागे. ११.१०, पुन्हा. १२.००, माझ्याकडे बघून हसल्या, कारण अज्ञात.

सातव्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांना खिसा उलटा करायला लावला. खोबरेल तेलाची लहानशी बाटली निघाली.

"वॉर्डात तेल?"

"हात जलतान, मॅडम." ग्लोव्हज काढून त्यांनी दाखवले. ब्लीचने सालं निघाली होती.

"उद्यापासून बाहेरच्या बाथरूमवर ड्यूटी."

बेड सोळावर हवालदार निकम पडून हे बघत होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर द्रोणागिरीला एका गोडाऊनच्या गेटवर नोकरी करायचे. लावलेला ऑक्सिजन कमी करत आणला होता, दोन दिवसांत घरी जाणार होते.

"राम राम, मेजर मॅडम. एक रिपोर्ट आहे."

"बोला."

"थंडी सुईनंतर भरते. नऊला सुई, पावणेदहाला थंडी. तीन दिवस घड्याळ लावून बघतोय. गेटवरची सवय. आत काय जातं ते बघतो."

"हवालदार, वॉर्ड माझा की तुमचा?"

"तुमचाच, मॅडम." पडल्यापडल्याच सावधान झाले.

आठवा दिवस. हिराबाई बाहेर. ९.०५ ला सोळा नंबरला मी स्वतः सलाईन दिलं. ९.५० ला मी वॉर्डाबाहेर, कंट्रोलच्या टेबलाशी होते. वॉकी-टॉकीवर वॉर्डातली सिस्टर बोलली.

"कंट्रोल, बेड सोळा. थंडी भरलीय. ओव्हर."

"ताप किती? ओव्हर."

"एकशे चार. बीपी पडतंय. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

मी पोचले तेव्हा पलंगाचा आवाज दारापर्यंत येत होता. सवयीने मी आजूबाजूला संशयित शोधला. हिराबाई नव्हत्या. ट्रॉलीवर बाटली उभी होती, सुई वर करून. सही माझी.

१०.१० ला बाटली सील करून लॅबला पाठवली. डॉक्टरांना सांगितलं, "सर, सोर्स ही बाटली आहे. ऑर्डर माझी होती." त्यांनी लिहून घेतलं. कुप्यांचे खोके फोडले. त्यानंतर वॉर्डात कोणाला थंडी भरली नाही.

हवालदार निकम अकराव्या दिवशी सकाळी गेले. त्यांच्या रक्तात आणि माझ्या बाटलीत एकच जंतू निघाला. त्यांच्या मुलाला हे मी स्वतः फोनवर सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला.

फील्ड हॉस्पिटलमध्ये त्या बाटलीने कधी कोणी दगावलं नाही, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले. आता सांगत नाही. तिथे निकमांसारखं घड्याळ लावून बसलं होतं कोण?

नातवंडं म्हणतात, आजी सगळ्यांवर संशय घेते, दूधवाल्यावर, डेंटिस्टवर. खरं आहे. त्यांना एवढंच माहीत नाही की हात धुताना तो संशय मी आधी माझ्यावर घेते. सकाळी नऊला घड्याळाकडे लक्ष गेलं की बेड सोळा आठवतो.

बाराव्या दिवशी मी बाहेरच्या बाथरूमवर गेले. हिराबाई बादली घासत होत्या. मी म्हटलं, "माझं चुकलं. वॉर्डात परत या." त्यांनी नळ बंद केला.

"मॅडम, ती उघडी सुई मना रोज दिसं. येकदा वर माशी बसली, ती मीच हाकलली. तुमाला सांगाला आलते. तवाच तुमी माजा खिसा उलटा कराला लावलात."