दहातले सर

सरांना कशालाही सरळ "हो" म्हणता यायचं नाही. आई विचारायची, "सर, जेवायला हाय नव्हं?" वरच्या खोलीतून उत्तर यायचं, "दहात आठ, काकू!" आई कपाळाला हात लावायची आणि दोन भाकऱ्या जास्त थापायची. आमच्या गावात, मुठ्यात, त्यांना सगळे दहातले सरच म्हणायचे.

ते पुण्याहून पुराचा अंदाज बांधायच्या कामावर आले होते आणि आमच्याकडे भाड्याने राहायचे. ओढ्यावरच्या पुलाखाली पाण्याची उंची मोजणारं यंत्र त्यांनीच बसवलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एकच पाऊस मी संगणकात जरा जरा बदलून पुन्हा पुन्हा पाडतो. कधी ढग घाटावरच रिकामा होतो, कधी तुमच्या ओढ्यावर. किती वेळा ओढा फुगला तेवढंच सांगायचं. त्याहून जास्त सांगणं म्हणजे थाप."

माझ्या थोरल्या भावाशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. दोघं मोबाइलवर क्रिकेट बघायचे आणि दादा मुद्दाम डिवचायचा, "बोला सर, कोण जिंकतंय?" सर आकडा सांगायचे. कमी आकड्याचा संघ जिंकला की दादा गावभर त्यांची टर उडवायचा. "अहो, तीन म्हणजे शून्य नव्हे!" सर कळवळून सांगायचे.

त्या श्रावणात सर जेवण अर्धवट टाकून खाली आले. "दादा, दुपारनंतर ओढ्याला लोंढा यायची शक्यता दहात तीन आहे. मी तुमच्या जागी असतो तर म्हशी वर आणल्या असत्या." आमचा गोठा ओढ्याकाठी. दादा हसला. "म्हंजी सात बाजू आमच्याच की! आन् धरणाचा भोंगा कुटं वाजलाय?" धरणातून पाणी सोडताना भोंगा वाजतो, तो ऐकूनच उठायचं, ही नदीकाठची सवय. "ओढ्याला भोंगा नसतो हो," असं म्हणत सर बांधापर्यंत त्याच्या मागे गेले. दादा धार काढायला गेलाच.

गावात तेव्हा नुसती भुरभुर होती. पाऊस कोसळला तो घाटावर. एक म्हैस दावं तोडून वर आली. दादा आला नाही.

त्याचे दिवस झाले तशी सरांनी बदली मागून घेतली. निरोपाला आईच्या पाया पडायला वाकले, तेव्हा तिने त्यांचे हात धरले. "सर, नक्की येनार आसं का वो न्हाई म्हनला? येकदा खोटं बोलला आसता तर माजा ल्योक आज हितं आसता."

"काकू, मला नक्की माहीत नव्हतं हो," एवढंच बोलले आणि ढसाढसा रडले. ते बरोबर होते हे मला कळतं. तरी त्यांच्या त्या खरेपणाचा मला राग येतो, आणि त्यांच्यासारखा खरा माणूस पुन्हा भेटलेलाही नाही.

अजूनही पावसाळ्यात त्यांचा फोन येतो. आई आकडा विचारतच नाही. ती म्हैस सोडते आणि देवळाच्या माळावर जाऊन भिजत उभी राहते. पूर बहुतेक वेळा येत नाही. लोक हसतात. संध्याकाळी ती ओल्या लुगड्याने घरात येते आणि माझ्याकडे बघते.

"आजबी पानी न्हाई आलं," ती म्हणते. "मंग तवाच कसं आलं गं?"