जनकोजींचे तीन काँप्युटर

जनकोजींच्या चेन्नईतल्या अंबत्तूरच्या घरात देवघरापेक्षा पुढच्या खोलीचं सोवळं जास्त कडक होतं. तिथे तीन काँप्युटर होते. सिरुसेरीच्या एका कंपनीने वस्तीतल्या मुलांना शिकवण्यासाठी ते दिलेले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या जनकोजींनी 'मी शिकवतो' म्हणून घरी आणले आणि दारावर पाटी लावली: 'संस्थापक'. बायकोची, सईबाईंची, रेशमी साडी कापून यंत्रांना झाकणं शिवली. मुलांना मात्र वर्षभर पुठ्ठ्यावर काढलेल्या कळांवर बोटं आपटायला लावली.

"आधी शिस्त, मग यंत्र," ते म्हणत.

"आणि दुपारी दार लावून तुम्ही त्यावर पत्ते खेळता, ती कुठली शिस्त?" सईबाई स्वयंपाकघरातून विचारत.

"बायकांना यातलं काय कळतंय!"

दसऱ्याला कंपनीची माणसं पाहणीला येणार होती. भांडी घासणाऱ्या चंद्रिकेची मुलगी सौम्या दहावीत होती. "अम्मा, एकदा तरी खऱ्यावर बसू दे," ती सईबाईंना रोज विनवायची. दसऱ्याला पहिली तूच बसशील, असा शब्द सईबाईंनी तिला दिला होता.

आदल्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. शेजारच्या वर्कशॉपवाल्याने लेथला एक बोट चंदन लावलं. जनकोजींचं एका बोटावर कसं भागणार? त्यांनी पातळ चंदन कालवून एकेका कळेवर टिळा लावला आणि वर कुंकू टेकवलं. पूजेतल्या हत्यारांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून ते कळांच्या फटींत तसंच वाळलं.

सकाळी पाहुण्यांसमोर सौम्या बसली. तिने कळ दाबली. कळ हलेना. दुसरीही हलेना.

"वस्तीतली पोरं, साहेब!" जनकोजी घाईने म्हणाले. "हात धुवा म्हणून कंठशोष केला. बघा काय घाण करून ठेवलीय!"

सौम्याने हात ओढणीत लपवले.

सईबाई ओल्या हातानेच बाहेर आल्या. त्यांनी नखाने कळेवरची खपली काढून पाहुण्यांपुढे धरली. "वास घ्या. चंदन आहे. यांनीच लावलंय. पोरांनी वर्षभरात पुठ्ठ्याशिवाय कशाला बोट लावलेलं नाही."

"अगं, पाहुण्यांसमोर..."

"त्यांच्यासमोरच."

संध्याकाळी कंपनीचा टेम्पो आला. यंत्रं सौम्याच्या शाळेत निघाली. कळफलक तिथे नवे बसणार होते. जनकोजींना निदान झाकणं तरी हवी होती. सईबाईंनी ती नीट घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि वर पुठ्ठा.

"घ्या. आता शिस्तीला सुरुवात करा."