उत्तरेश्वरच्या लंगड्या बहिणी

उत्तरेश्वरला येडा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या दिवशी सगळ्यात आधी मीच म्हणालो होतो, हेही सांगून टाकतो.

मी पंडित, कॉलेजच्या लायब्ररीतला कारकून. कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं, नेकनूरच्या अलीकडं. उत्तरेश्वर तिथं प्रयोगशाळेत शिपाई. आधी बायकोसंगं ऊसतोडीला जायचा. उसाच्या गाडीवरून पडून पाय मोडला, तेव्हा संस्थेनं इथं चिकटवला. अजून डावा पाय ओढत चालतो.

वत्सलाबाई मॅडमची पीएचडी त्याच्याच भरवशावर चालली होती. त्यांचा विषय शेवाळ. आपल्या हौदातलं नव्हे, सूक्ष्मदर्शकातच दिसणारं, एकेका पेशीचं. पेशीला दोन केस असतात, ते हलवत ती पोहते. केसांच्या आत बारीक मोटरी, आणि एकेक मोटर प्रथिनांचे बरेच तुकडे जोडून झालेली. मॅडमच्या पेशींत त्यातला नेमका एक तुकडा नव्हता. तेवढ्यानं मोटर बंद, केस लुळे, पेशी तळाला. तो तुकडा नक्की काय काम करतो, हे शोधण्यात मॅडमची चार वर्षं गेली होती. अशा पेशी त्यांनी स्वतः निवडून वाढवल्या होत्या, दुसरीकडं कुठंच नव्हत्या. उत्तरेश्वर त्यांना 'माज्या लंगड्या बहिणी' म्हणायचा. मॅडम हसायच्या.

सोळा सालचा उन्हाळा. ऊसच नाही म्हणून कारखाना बंद, टँकर आठव्या दिवशी. पाणी असलं गढूळ की घरोघर तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, वरचं नितळ काढून घ्यायचं आणि गाळ झाडाला घालायचा. तीन महिने हातांना दुसरं कामच नव्हतं.

मॅडम चार दिवस विद्यापीठात गेल्या. जाताना सांगून गेल्या, "फ्लास्कांत स्वच्छ पाणी घालत जा." स्वच्छ पाणी तर संपलेलं. समोर बारा फ्लास्क, वर नितळ पाणी, तळाला हिरवा गाळ. उत्तरेश्वरनं वरचं पाणी अलगद काढून घेतलं, गाळ दारातल्या कडुलिंबाच्या बुडात ओतला, फ्लास्क पुसले आणि तेच पाणी परत भरलं. झालं काम!

दुपारी माझ्याकडं आला तो तोंड पांढरंफटक.

"पंडित, लंगड्या तळालाच बसत्यात ना बे?"

"अरे येड्या, काय केलंस?"

लिंबापाशी धावलो. माती कोरडीठाक, भेगा पडलेल्या. तरी तो नखांनी उकरत होता.

मी म्हणालो, "उन्हानं मेल्या म्हणून सांग. लाईट तर रोजच जाती, पंखा बंद पडतो."

"न्हाई. मॅडमनी माज्या भरवशावर ठिवल्या हुत्या."

मॅडम आल्या तसं त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. मग विचारलं, "का केलंस रे?"

"हातानं केलं, मॅडम. डोक्याला इचारलंच न्हाई."

आठवड्यानं फ्लास्क पुन्हा हिरवट दिसायला लागले. उत्तरेश्वरनं थेंब काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडलाच, "मॅडम! चालाय लागल्या! बऱ्या झाल्या!" त्यानं चक्क हात जोडले. मॅडमनी पाहिलं आणि खिडकीकडं तोंड करून हमसून रडल्या.

"मला बऱ्या नको होत्या रे. पोहणाऱ्या तर कुठल्याही डबक्यात मिळतात. ह्यांच्यात तो तुकडा आहे. वरच्या पाण्यात अशा दोन-चार उरल्या असतील, त्याच वाढल्या."

त्याचे हात अजून जोडलेलेच होते. त्याच्या आनंदाचं काय करावं, हेच कळेना.

तेव्हापासून तो रिकामा झाला की सूक्ष्मदर्शकावर बसायचा, न हलणारी एक तरी सापडावी म्हणून. एका सकाळी हाक आली, "मॅडम, ही हलत न्हाई!" मॅडम धावत आल्या. खूप वेळ पाहत राहिल्या.

"मेलीय ती, उत्तरेश्वर."

तो उठला. स्वतःच्या वाट्याचा पिण्याचा तांब्या घेतला, पाय ओढत बाहेर गेला आणि सगळं पाणी लिंबाच्या बुडात ओतून आला. त्या दिवशी टँकरला अजून पाच दिवस होते.