श्वास जुळवणारे अण्णा

"मेदुवा, मेदुवा... पोदुम!" असं म्हणत अण्णा आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवायचे आणि मग पेशंटच्या. मेदुवा म्हणजे हळू, पोदुम म्हणजे पुरे. चेन्नईत आल्यावर मी शिकलेले पहिले दोन तमिळ शब्द हेच. कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी माणूस जेवढा श्वास घेतो तेवढाच घ्यायचा आणि धरून ठेवायचा, असं ते समजावत. पेशंट हसायचा. मग अण्णा त्याच्याकडून तोच श्वास वीसदा गिरवून घ्यायचे.

असा एखादा माणूस तुम्हीही तुमच्या ऑफिसात पाहिला असेल. त्याचं काम कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. अण्णा आमच्या अड्यारच्या हॉस्पिटलात कॅथ लॅबचे, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीचे, जुने टेक्निशियन होते. कपाळावर गंधाची उभी रेघ, अंगावर एक्स-रे अडवणारा तो जड शिशाचा एप्रन, डब्यात दहीभात. घर तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, आणि मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली. मी सांगलीची. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि आम्ही दोघंच असलो की 'पोरी'. "पोरी, जेवलीस की?" हा रोजचा प्रश्न. मी त्यांच्या मराठीची नक्कल करून कँटीनमध्ये लोकांना हसवायची, हेही सांगून टाकते. लपवायचं तरी किती?

माझं काम चित्रं जुळवण्याचं. काही लोकांचं बीपी चार-चार गोळ्यांनीही उतरत नाही. अशांच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत बारीक नळी घालून, तिच्या भिंतीबाहेरच्या नसा आतून ऊब देऊन शांत करतात. पण त्या नसाच काय, रंग सोडल्याशिवाय ती रक्तवाहिनीही एक्स-रेत दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी काढलेलं सीटीचं चित्र टेबलावरच्या चालू एक्स-रेवर चढवायचं आणि रक्तवाहिनीच्या आतून घेतलेल्या सोनोग्राफीशी ताडून बघायचं. हे चढवण्याचं सॉफ्टवेअर माझं, आमच्या कंपनीसाठी लिहिलेलं. रेघ रेघेवर अशी बसायची की डॉक्टर "सूपर!" म्हणायचे आणि मी फुगून टम्म व्हायची.

आता, श्वास घेतला की मूत्रपिंड खाली सरकतं, सोडला की वर येतं. सीटीला एक श्वास आणि टेबलावर दुसरा, की संपलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा हिशेबही धरला होता. अण्णा मात्र आदल्या दिवशी आपली ड्यूटी संपल्यावर सीटीच्या खोलीत जायचे, पेशंटशेजारी उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी टेबलापाशी त्याच माणसाकडून तोच श्वास काढून घ्यायचे.

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. घाबरलेल्या, पण तोरा कायम. श्वास घ्या म्हटलं की छाती फुगवून ताठ! अण्णांनी हात जोडले. "टीचरम्मा, ही परेड नव्हे. घरीं कुणी नाही, पोरं शाळेस गेलीं, आतां कॉफी आली, तसा घ्या." बाईंना हसू फुटलं आणि श्वास बरोबर लागला. तासभर गेला होता. मी बाहेर घड्याळ बघत चरफडत होते.

त्या दिवशी ते मला म्हणाले, "पोरी, तुझें चित्र जुळतें, कां ठाऊक आहे?"

"सॉफ्टवेअरमुळे."

"होंय, होंय. तेंही," म्हणाले आणि डबा उघडला.

मग ती मीटिंग झाली. हॉस्पिटलचे वरचे लोक, आमच्या कंपनीचे साहेब, मागच्या खुर्चीत अण्णा. कुणीतरी विचारलं की या श्वासाच्या तालमीत दर पेशंटमागे एवढा वेळ जातो, तिची गरज आहे का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे साहेबही. आमचं यंत्र कुणाच्या हातावर अवलंबून नाही, असंच तर आम्ही सांगत सुटलो होतो. मी म्हणाले, "नाही. सॉफ्टवेअर ते सांभाळून घेतं." जीभ झडली नाही माझी. मागे वळून बघायची मात्र हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांना तळमजल्यावर छातीच्या एक्स-रेला पाठवलं. सेवेचं शेवटचं वर्ष होतं त्यांचं. जाताना एप्रन घडी न करता नीट टांगून गेले. घडी केली की आतलं शिसं चिरतं, हे नव्या मुलींना बजावून गेले.

आणि तिसऱ्याच पेशंटला रेघ सरकली. चांगली बोटभर. आतली सोनोग्राफी वेगळं सांगत होती म्हणून डॉक्टरांनी हात आवरला, पेशंटला काही झालं नाही. पुढच्याचीही सरकली. तेव्हा मी काय केलं? खाली जाऊन अण्णांना हाताला धरून वर आणलं? छे! मी एक छापील सूचनापत्र तयार केलं. पेशंटकडून श्वासाचा सराव करून घ्यावा, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, एकाच माणसाने. खाली माझी सही. साहेबांनी शाबासकी दिली. मी मूग गिळून ती घेतली.

एकदा जिन्यात अण्णा समोर आले. मला टाळता आलं नाही.

"कसें चाललेंय वरती? आतां नीट जुळतें की?"

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तेव्हा तसं का बोललीस? मी म्हणाले, "जुळतं, अण्णा."

"बेस झालें," ते म्हणाले. तोंड भरून हसले हो! मला वाटलं होतं, त्यांना थोडं तरी वाईट वाटेल.

ते निवृत्त झाले तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून सांगलीला गेले होते. काही महिन्यांनी कळलं की अण्णा गेले, झोपेतच. महिनाभर चालढकल करून शेवटी त्यांच्या घरी गेले. मामींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, लगेच ओळखलं. "तूं ती सांगलीची. फार बोलत असत तुझ्याबद्दल. म्हणत, आपण उगीच इतकीं वर्षं त्या रोग्यांना पिडलें, त्या पोरीचें मिशीन बरोबर होतें."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. मीटिंग, सरकलेली रेघ, माझी सही, जिना. अण्णाच बरोबर होते, आजही वरती त्यांच्याच पद्धतीने चालतं, हेही सांगितलं. रडतच सांगितलं.

माझं झाल्यावर मामींनी एवढंच विचारलं, "हें त्यांना सांगितलेंस की?"

"नाही."

त्या उठल्या, म्हणाल्या, "ऊन फार आहे, जेवूनच जा," आणि माझं पान वाढायला आत गेल्या.